रुई लावा, आणि अळ्यांना ती खाऊ द्या

फुलपाखरांची बाग करायची म्हणून लोक रोपवाटिकेत जातात आणि फुलझाडं घेऊन येतात. इक्सोरा, पेंटास, झिनिया. फुलपाखरं येतात, मध पितात, आपण फोटो काढतो, ती उडून जातात. मध काय, कुठल्याही दारात मिळतो. बाळंतपणाला मात्र माहेर लागतं. प्लेन टायगर नावाचं जे केशरी फुलपाखरू आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ज्याला मराठीत बिबळ्या कडवा असं नाव दिलंय, त्याचं माहेर म्हणजे रुई. मादी अंडी घालते ती रुईवर किंवा रुईच्या गणगोतातल्या झाडांवर. दुसऱ्या झाडावर ठेवलेली अळी उपाशी मरेल, पण पान तोंडात घेणार नाही.

रुई कुणी लावत नाही. ती उगवते आणि आपण ती उपटतो. आमच्या सोलापुरात विजापूर रस्त्याला, अक्कलकोट रस्त्याला, रेल्वे रुळांच्या कडेला पूर्वी मोप रुई होती. प्लॉट पडले, कंपाउंड झाले, पहिला जेसीबी फिरला तो रुईवरूनच. म्हणून आता मुद्दाम लावायची. मी जुळे सोलापुरात राहते, घरापुढे दहा बाय बाराचं अंगण आणि वर गच्ची. एवढ्यात जे जमतं तेच इथे सांगते.

कुठली रुई

आपल्याकडे मुख्यतः दोन आहेत. मोठी रुई, कॅलोट्रॉपिस जायगँटिया: फुलं फिक्या जांभळ्या रंगाची किंवा पांढरी, पाकळ्या बाहेर वळलेल्या, मधोमध पाच कोनांचा मुकुट. लहान रुई, कॅलोट्रॉपिस प्रोसेरा: पाकळ्या उभ्या, पांढऱ्या, टोकाला जांभळा डाग, आणि फळ फुगीर, गोलसर. प्लेन टायगरला दोन्ही चालतात. पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती सापडतो म्हणून तिच्या रोपाला लोक जास्त पैसे मोजतात. अळीला फुलाचा रंग काही कळत नाही, तेव्हा तुम्हीही त्यासाठी पैसे घालू नका. तुमच्या गावच्या माळावर जी आहे ती तिथल्या उन्हाला आणि मातीला सरावलेली असते. तिचंच बी घ्या.

रोपवाटिकेत ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून हळदीकुंकू नावाचं एक रोप विकतात. लाल-पिवळ्या फुलांचे छोटे गुच्छ, नाजूक पानं. तेही रुईच्याच कुळातलं, आणि प्लेन टायगर त्याच्यावर आनंदाने अंडी घालतं. पण ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. मी ते तोडून टाका असं म्हणत नाही, एका कुंडीत असेल तर असू द्या. मात्र त्याला सतत पाणी लागतं, आमच्या एप्रिलमध्ये ते माना टाकतं, आणि चार-पाच अळ्यांनी बसल्या बैठकीला संपतं. शिवाय रोपवाटिकेतल्या रोपावर काय मारलेलं आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात भिनतात, वरून धुऊन जात नाहीत. अंडं फुटतं, अळी पहिला घास घेते आणि मरते. विकत आणलंच तर त्यावर नवी फूट येऊन जुनी पानं गळेपर्यंत त्याला जाळीखाली ठेवा.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडे मोनार्क येतं, आपल्या प्लेन टायगरचं सख्खं चुलत भावंड. तेच, जे थंडीत मेक्सिकोच्या डोंगरापर्यंत उडत जातं. तिनं मला विचारलं, मावशी, इथे रुई लावू का? मी म्हटलं, अजिबात नको, तिथली लाव. कॉमन मिल्कवीड, ओलसर जागेसाठी स्वॅम्प मिल्कवीड, कोरड्या उन्हासाठी नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड, ही तिच्या भागातली. त्या बियांना मात्र थंडी लागते: पानगळीच्या दिवसांत बाहेरच पेरून टाकायचं, नाहीतर ओल्या वाळूत मिसळून महिनाभर तरी फ्रिजमध्ये ठेवायचं. आणि तिथे हळदीकुंकू टाळायलाच हवं. उबदार भागात ते हिवाळ्यातही मरत नाही, मोनार्क त्याच्याभोवती रेंगाळतात, आणि ओई नावाचा एक परजीवी त्याच पानांवरून पिढ्यान्‌पिढ्या पसरत राहतो. तुमचे कुणी तिकडे असतील तर हे त्यांना सांगा. आपल्या रुईच्या बियांना असले लाड लागत नाहीत.

बी गोळा करणं आणि पेरणं

उन्हाळ्यात माळावरून चक्कर मारा. रुईची बोंडं तडकायच्या बेतात असतात. हिरवं बोंड तोडू नका, आतलं बी कच्चं असतं. बोंडाची शिवण पिवळसर होऊन जरा उघडली की ते घ्यायचं. रोज जाणं जमत नसेल तर बोंडावर मलमलच्या चिंधीची सैलसर पोटली बांधून या, म्हणजे म्हाताऱ्या उडून जात नाहीत. हो, लहानपणी ज्या म्हाताऱ्यांमागे आपण धावलो त्यातल्या बऱ्याच याच. प्रत्येक बीच्या डोक्यावर रेशमाचा झुपका असतो, तो चिमटीत धरून ओढला की बी मोकळं होतं. हे काम घरात पंख्याखाली करू नये, एवढंच सांगते.

बोंडावर बारीक भोक दिसलं, आत काळपट ओल दिसली, तर ते टाका. रुईची म्हणून एक फळमाशी असते, तिच्या अळ्या आतलं बी फस्त करतात. दुसरं बोंड शोधायचं. आणि बी आणायचं ते पडीक जमिनीवरून, गावकुसावरून. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून वगैरे काही उचलून आणायचं नाही, तिथे काडीलाही हात लावायचा नसतो.

पेरणी मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. रुईचं मूळ सोट असतं, सरळ खाली जातं, आणि एकदा खाली गेलं की रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. म्हणून जमीन असेल तर जागेवरच टोकणी करा. बोटाचं अर्धं पेर खोल, एका ठिकाणी तीन-चार बिया, नंतर जोमदार असेल ते एक ठेवायचं. गच्चीसाठी रोप करायचं तर दुधाच्या पिशव्या घ्या, उभट आणि खोल, खाली दोन भोकं. ऊब आणि ओल असली की साधारण आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतो. चार-सहा पानं झाली की पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट मोठ्या डब्यात बसवा. मुळं मोकळी करून बघायची खाज आवरा.

माळावरचं मोठं झाड उपटून आणायचा विचार मनात येईल. आणू नका. ते इथे जगणार नाही आणि तिथे होतं तेही जाईल.

फाटे लावायचे असतील तर अंगठ्याएवढ्या जाड, तपकिरी झालेल्या फांदीचे वीतभर तुकडे करा. कापलेल्या टोकातून चीक वाहतो. ते टोक राखेत बुडवून तुकडे दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग मुरमाड मातीत लावा. ओल्या जखमेसकट लावले तर कुजतात. सगळे जगतील अशी अपेक्षा धरू नका, बियाची रोपं नेहमीच जास्त दणकट.

चिकाबद्दल, नीट वाचा

आता चीक निघालाच आहे तर हे सविस्तर सांगायला हवं, कारण बाकी सगळं चुकलं तर फार तर झाड जाईल, इथे डोळा जाऊ शकतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला सूज येते. यातली फसवी गोष्ट ही की सुरुवातीला फारसं दुखत नाही. चीक तो भाग बधिर करतो. माणूस डोळा चोळतो, काही नाही म्हणतो, आणि काही तासांनी धुरकट दिसायला लागतं. तेव्हा चीक गेल्याची नुसती शंका आली तरी लगेच स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं धुवायचा, आणि दुखो न दुखो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. दूध घालणं, मध घालणं, तूप लावणं, यातलं काहीही करायचं नाही.

काम करताना रबरी हातमोजे आणि चष्मा. नंबरचा नसेल तर मोटरसायकलवाल्यांचा साधा गॉगलही चालतो. काम झालं की साबणाने हात, कात्री आणि कोपरापर्यंतचे बाहू. हात धुण्याआधी कपाळावरचा घाम पुसायचा नाही, हे सगळ्यात अवघड. कपड्यावर पडलेला चीक नंतर निघत नाही, जुनीच साडी नेसा.

काटा मोडला की त्यावर रुईचा चीक लावायचा, सुजलेल्या गुडघ्यावर गरम केलेलं पान बांधायचं, हे आमच्या घरीही चालायचं. सासूबाईंच्या हाताला गुणही यायचा म्हणतात. मी मात्र कुणाला चीक लावायला देत नाही. ज्या रसायनांमुळे हा चीक औषधी वाटतो, त्यांच्यातली काही थेट हृदयावर काम करतात. लहान मुलं घरात असतील तर रुई गच्चीवर किंवा कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला लावा, आणि तीन-चार वर्षांच्या पोराला ‘हात लावू नकोस’ सांगण्याऐवजी त्याला सोबत घेऊन लांबून अळी दाखवा. आमच्या नातवाला रुई माहीत नाही, ‘अळीचं झाड’ माहीत आहे, आणि अळीचं जेवण आपण घ्यायचं नसतं हे त्याला पटलेलं आहे.

जागा, माती, पाणी

ऊन पाहिजे. सावलीत रुई उंच, लुकडी होते आणि तिच्याकडे फुलपाखरू फिरकत नाही. सोलापुरात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेवढ्यावर रुई मजेत जगते. तिला मारायचं असेल तर एकच उपाय, पाणी साचवणं. आमची काळी माती पावसाळ्यात चिखल धरते आणि मुळं कुजवते. जमिनीत लावताना खड्डा हातभर खोल घेऊन निम्मा मुरूम भरा, किंवा सरळ थोडा उंचवटा करून त्यावर लावा.

कुंडीसाठी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा उत्तम. खाली पाच-सहा भोकं, त्यावर विटेचे तुकडे, मग दोन भाग मुरूम, एक भाग काळी माती, एक भाग जुनं शेणखत. ताजं शेण नको. युरिया तर बिलकूल नको. खताने पानं लुसलुशीत होतात आणि त्यावर मावा तुटून पडतो. उन्हाळ्यात डब्यातल्या झाडाला दोन-तीन दिवसाआड पाणी, जमिनीतल्या झाडाला पहिलं वर्ष सरलं की काहीही नाही.

आणि झाडं किमान तीन लावा. एकच लावलंत तर एखाद्या ऑगस्टमध्ये त्याचा नुसता खराटा होईल आणि अळ्या उपाशी इकडेतिकडे फिरतील. तीन असली की एक ओरबाडलं जातं तोवर दुसऱ्याला पालवी येते.

पान उलटून बघायची सवय

मादी रुईभोवती घिरट्या घालते, पानाच्या कडेवर क्षणभर टेकते, पोट खाली वळवते आणि निघून जाते. तेवढ्यात अंडं घालून झालेलं असतं. पान हळूच उलटा: मोहरीपेक्षाही लहान, उभट, चंदेरी पांढरं, उभ्या रेघा असलेलं, बहुधा एकटंच. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते.

वाढलेली अळी ओळखायला सोपी. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, त्यात पिवळे ठिपके, आणि काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच असतात. ती शिंगं मऊ असतात, टोचत नाहीत, अंगाला खाजही येत नाही. तरीही हाताळू नका.

तिची जेवायची रीत बघण्यासारखी आहे. मोठ्या पानावर बसली की ती आधी पानाची मधली शीर कुरतडते, किंवा पानात गोल चर पाडते. तिथून चीक गळून जातो, पुढच्या तुकड्यातला दाब कमी होतो, मग ती तो तुकडा खाते. असं केलं नाही तर कोवळ्या अळीचं तोंडच चिकटून बसेल. तेव्हा रुईचं पान मधेच मोडल्यासारखं लोंबताना दिसलं तर कुणी पोराने मोडलं असं समजू नका, त्याच्या खाली बघा.

चिकातली विषं अळी अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरात उतरतात. पक्ष्याने एकदा प्लेन टायगर खाल्लं की त्याला ओकारी होते, पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू इतक्या निवांत, संथ उडतं. या धाकाचा फायदा दुसरंच एक फुलपाखरू घेतं. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, आणि अंगात विष तिळमात्र नाही. तिचा नर काळा, त्यावर मोठे पांढरे ठिपके आणि भोवती निळसर झाक. जोडपं एकत्र बघितलं तरी विश्वास बसत नाही. तिची अळी घोळ खाते, आपण भाजी करतो तीच घोळ. माझ्या रुईच्या डब्यांत घोळ आपोआप उगवते, आणि मी ती खुडून भाजी करत नाही. तुम्हीही निदान एका डब्यातली राहू द्या.

सुमारे दोन आठवडे खाऊन झालं की अळी झाड सोडून चालू लागते. घाबरून परत आणून ठेवू नका. तिला लटकायला जागा हवी असते: शेजारच्या कुंडीची कड, खिडकीची चौकट, जिन्याचा कठडा, दुसऱ्या झाडाचं पान. उलटी टांगते, अंग आकड्यासारखं वळवते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा किंवा फिकट गुलाबी कोष असतो, सोनेरी ठिपके असलेला. आठ-दहा दिवसांनी, थंडीत थोडे जास्त, कोष पारदर्शक होतो आणि आतले केशरी पंख दिसतात. त्याच सकाळी बहुधा बाहेर येतं. पंख वाळायला तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ त्याच्यावर पाण्याची नळी फिरवायची नाही. घरात कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवा, झाडूने कोष खाली येतात. कोष पडलाच तर त्याच्या देठाजवळच्या रेशमाला दोरा बांधून सावलीत टांगा.

अळ्या बरणीत, खोक्यात आणून वाढवायची सध्या टूम आहे. मुलांना दाखवायला एखादी ठेवलीत तर ठीक. पण दाटीत रोग पसरतो, आणि आपण चार फुलपाखरं सोडली यात फार मोठं काही केलं असं वाटायला लागतं. त्यापेक्षा आणखी एक रुई लावावी.

न बोलावलेले पाहुणे

पिवळा मावा हमखास येणार. कोवळ्या शेंड्यांवर पिवळेधमक, काळ्या पायांचे किडे दाटीने बसतात आणि लोकांचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो. फवारायचं काहीही नाही. निमतेलसुद्धा नाही, निमतेल नैसर्गिक आहे हे खरं, पण अळीच मारायची म्हणून तर ते वापरतात. मावा फार झाला तर आधी पानाच्या दोन्ही बाजू बघून घ्या, अंडं नसेल तिथला मावा हातमोज्याने पुसून काढा. आठवडाभर थांबलात तर ढालकिडे येतात आणि ते काम तुमच्यापेक्षा नीट करतात.

मग रंगीत नाकतोडा. पिवळ्या अंगावर निळे-हिरवे पट्टे, रुईवरच राहणारा, आणि दिसायला इतका देखणा की त्याला हाकलवत नाही. पण दहा-बारा मिळून झाडाची पानं साफ करतात. त्याचं पिल्लू डिवचलं तर अंगातून रसाची पिचकारी उडवतं, तेव्हा तोंड जवळ नेऊ नका. डब्यातली झाडं लहान असतील तर त्यांना झाकणाच्या बरणीत घेऊन माळावरच्या रुईवर सोडून यायचं. मोठ्या झाडावर राहू द्यावेत.

कधी कोष तपकिरी-काळा पडतो आणि त्यातून पांढऱ्या अळ्या बाहेर येतात. त्या परजीवी माशीच्या. वाईट वाटतं, पण तीही इथलीच. कोळी, मुंग्या, गांधीलमाश्या, सगळ्यांचा वाटा निघून जे उरतं ते उडतं, आणि तेवढं पुरतं.

नुसती रुई पुरत नाही

मोठ्यांना मध हवा. वर्षभर काही ना काही फुलेल असं बघा: झेंडू, तुळस, सदाफुली, कुंपणाला एकदांडी आपोआप येते ती. घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं असलं तरी तिने आधीच डोंगर गिळलेत, आपण आणखी भर घालायला नको.

नराला मधाखेरीज आणखी एक गोष्ट लागते, आणि ती फार कुणी सांगत नाही. खुळखुळा, ताग, भुरुंडी या झाडांत काही कडू द्रव्यं असतात. नर फुलपाखरं ती चोखून घेतात आणि त्यापासून मादीला खुणावणारा गंध तयार करतात. सोलापूर भागात शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात, कृषी केंद्रात बी सुटं मिळतं. मूठभर आणून रुईच्या आसपास टाका. भुरुंडीची फांदी मोडून वाळायला टांगली तर तिच्या सुकत्या पानांवरही नर गोळा होतात. नर ओळखायचा मागच्या पंखावरून: तीन काळ्या ठिपक्यांच्या जोडीला त्याला चौथा, जरा फुगीर ठिपका असतो.

आणि भुंगे. रुईचं फूल सगळ्यांना पावत नाही. तिचे परागकण सुटे नसतात, मेणासारख्या दोन गोळ्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात. मोठा काळा भुंगा, तो लाकूड पोखरणारा, मध घ्यायला बसला की हा चिमटा त्याच्या अंगाला अडकतो आणि पुढच्या फुलात नेमका खाचेत बसतो. भुंगा नसेल तर बोंड धरत नाही. त्याच्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात वाळलेला बांबू किंवा जुन्या लाकडाचा ओंडका ठेवा, घराच्या दाराला तो भोकं पाडणार नाही. गुणगुण मोठी करतो, पण कुणाच्या अंगावर येत नाही.

जागा थोडी जास्त असेल तर कुंपणावर रुईच्या गोतातले वेल चढवा. हिरणदोडीवर, शास्त्रीय नाव ड्रेगिया व्होलुबिलिस, ब्लू टायगर अंडी घालतं; अनंतमुळावर कॉमन क्रो. कॉमन क्रोला दारातली कण्हेरही चालते, आणि तिच्या पानाखाली टांगलेला त्याचा कोष चांदीच्या भांड्यासारखा चकचकीत असतो. कण्हेरही विषारीच आहे हे लक्षात असू द्या.

शनिवारची पानं

रुई वाढली की शुक्रवारी संध्याकाळपासून दारात माणसं येतात. मारुतीला माळ करायची असते. नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. मी स्वतः तोडून देते आणि प्रत्येक पान उलटून बघून देते. अंडं असलेलं पान झाडावर राहतं, हे आता गल्लीत सगळ्यांना पाठ झालंय. काही जण तर स्वतःच ‘आजी, याच्यावर आहे बरं का’ म्हणून सोडून देतात. तुमच्याकडे देवळाबाहेरून माळ आणत असाल तर घरी आल्यावर एकदा पानांच्या पाठी बघा. अळी सापडली तर माळेतलं तेवढं पान काढून रुईवर अडकवा. मारुतीला एक पान कमी चालतं.

दारात रुई अशुभ, चीक असलेलं झाड घराला लावू नये, असंही ऐकवलं जाईल. त्यावर मी वाद घालत नाही. ज्या झाडाची पानं देवाला चालतात ते दारात का चालू नये, एवढंच विचारते, आणि समोरच्याला बी देते.

छाटणी

जुनी रुई खालून उघडी पडते आणि वरची पानं राठ होतात. मे अखेरीस, पावसाच्या आधी, छाटायची. जमिनीपासून गुडघ्याएवढं खोड ठेवून वरचं कापलं तरी ती पुन्हा फुटते, आणि जून-जुलैत येणारी पालवी ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या गर्दीला बरोबर पुरते. पण तिन्ही झाडं एकदम कापू नका. एक छाटा, त्याला फूट आली की दुसरं. राहिलेली बोंडं तडकायच्या आधी काढून घ्या, नाहीतर शेजारच्या रानात रुई माजली म्हणून बोलणी बसतात, आणि तो शेतकरी चुकीचं काही बोलत नसतो.

कापलेल्या फांद्या लगेच कचरागाडीत टाकू नका आणि पेटवूही नका. भिंतीच्या कडेला सावलीत पंधरा दिवस उभ्या करून ठेवा. नजरेतून सुटलेला एखादा कोष त्यावर असतोच. त्यानंतर वाळलेल्या फांद्या तोडून खताच्या खड्ड्यात घाला. त्या वेळीही हातमोजे.